फटफटेकाकांचं शांत विमान

आमच्या घरात एकतीस वर्षं एरंडेलाचा वास होता. मी शिवणकाम करते. माप द्यायला आलेल्या बायका दारातच थबकायच्या आणि हळूच विचारायच्या, “काकू, घरात कुणाचं पोट बिघडलंय का?” मी म्हणायची, “पोट नाही, डोकं,” आणि पडद्यामागे बोट दाखवायची. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत ह्यांची विमानं आणि मधे तो पडदा. वासापुढे त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

विमानं शोभेची नव्हेत, रेडिओनं खरीखुरी उडणारी. लाकडी सांगाडा हे करायचे, त्यावर रंगीत फिल्म मी इस्त्रीनं चढवायची. कापड असो की फिल्म, सुरकुती दिसली की माझे हात शिवशिवतात. विमानाच्या नाकात लिंबाएवढं ग्लो इंजिन. त्यात एक बारीक तार असते. ती बॅटरी लावून लाल करायची, पंख्याला टिचकी मारायची, की इंजिन पेटतं. मग बॅटरी काढली तरी तार आपल्याच आगीवर लाल राहते. लिंबाएवढा जीव, पण आवाज असा की बोलणाऱ्यानं गप्प बसावं. इंधनात एरंडेल मिसळलेलं, त्यामुळे उतरल्यावर अख्खं विमान तेलानं माखलेलं. ते पुसायला माझ्या चांगल्या चिंध्या जायच्या.

हे कारखान्यात टर्नर होते. चाळीस मशीनच्या गोंगाटात आपल्या लेथचा सूर जरा बिघडला की डबा अर्धा टाकून उठणारा माणूस. रविवारी जिथे विमानं उडवतात त्या मैदानावर ह्यांना सगळे फटफटेकाका म्हणतात. निदान तोंडावर तरी तेच म्हणतात.

तर झालं असं, की मैदानाला लागून जनावरांचा दवाखाना उघडला. एका रविवारी ह्यांनी इंजिन पेटवलं आणि तिकडे पायाला टाके घातलेला घोडा दावं तोडून पळाला. तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार नम्रपणे बोलल्या, त्यामुळे कुणाला काही बोलताच येईना. विमानवाल्यांच्या क्लबनं ठरवलं, येत्या एक तारखेपासून ग्लो बंद, फक्त बॅटरीवरची मोटर. क्लबचं सगळं बघतात ते दातांचे डॉक्टर आहेत. ते आधीपासूनच मोटरवाले. आठवडाभर कानाशी ड्रिल घेऊन बसणाऱ्याला रविवारी शांतता हवी असणार, त्यात नवल नाही.

हे घरी येऊन पाय आपटत फिरले.

“मोटर म्हणजे मिक्सर. मिक्सरला पंख लावून उडवायचा?”

“आपला मिक्सर निदान वास तरी मारत नाही,” मी म्हणाले.

“अगं, इंजिन बोलतं. इंधन कमी पडलं तर कुरकुरतं, जास्त झालं तर गुळण्या करतं. मोटर काय बोलणार? चालू नाहीतर बंद. ठोंब्या.”

“मग तुमच्या दोघांचं जमेल,” मी म्हटलं.

खरं सांगते, मला आनंद झाला होता. पडदे धुवायचे, भिंतीला रंग लावायचा, माझे बेतच सुरू झाले. ह्यांचा हट्ट मला नवा नव्हता. चार दिवस फुगतील, मग येतील ताळ्यावर, असं मी धरून चालले होते.

दंतवैद्यांनी मोटर आणि बॅटरी आणून दिली. ह्यांनी ती तोंड वाकडं करून बसवली. मी वरून लाल आणि खालून पांढरी फिल्म लावली. एक तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी ते विमान मैदानावर आलं. उड्डाण सुरेख झालं. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत विमान लांब गेलं, जरा कलंडलं आणि झाडांअलीकडच्या चरात नाक खुपसून पडलं.

“काका, सवय होईल,” सगळे म्हणाले. हे म्हणाले, वारा होता. वारा कुठला? माझी ओढणीसुद्धा हलत नव्हती.

विमान उडत असताना मी वर बघत नाही. आधीच मान अवघडलेली असते. मी बाकावर बसून ह्यांचा चेहरा बघते. रेडिओ हातात आला की हा माणूस तिशीतला होतो, ते बघायला मला आवडतं, आता लाजायचं काय त्यात. त्यामुळे त्या दिवशी जे कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. विमान झाडांकडे पडत होतं आणि हे भलत्याच जागी, रिकाम्या आभाळाकडे बघत होते. मान थोडी तिरकी, एक कान पुढे.

घरी आल्यावर मी चहाचे कप घेऊन गच्चीवर गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “समोरच्यांनी आज किती चादरी वाळत घातल्यात हो?”

ह्यांनी समोर बघितलं. “तीन.”

समोर एकही चादर नव्हती. तीन पाण्याच्या टाक्या होत्या, पांढऱ्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

ह्यांनी कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, “तीन वर्षं होतील. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं सुधारणार नाही. कडेकडेनं दिसतं गं. मधोमध बघायला गेलं की बोट फिरवून पुसल्यासारखं होतं.”

“आणि विमान?”

“कानानं.” हे बोलताना त्या स्थितीतही चेहऱ्यावर थोडी ऐट आलीच. “नाक खाली गेलं की इंजिन मोकळं पळतं, सूर चढतो. वर चढायला लागलं की धापा टाकतं. आपल्याकडे येताना आवाज धारदार, लांब जाताना जाड. वळण घेतलं की आवाज एका बाजूनं दबतो. मला सगळं दिसत होतं गं, इंजिन होतं तोवर. ही मोटर लांब गेली की ऐकूच येत नाही.”

मला आधी रडू नाही आलं, राग आला. तीन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपतो आणि मला पत्ता नाही! आणि तीन वर्षं चारपाच माणसांच्या डोक्यावरून गरगर पंखा फिरवतोय, निव्वळ कानाच्या भरवशावर! मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

हे ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर रेडिओ काढून घेतील आणि मला बाकावर बसवून सरबत देतील. आंधळेकाका म्हणतील. त्यापेक्षा मी जातच नाही.”

मी शब्द दिला. द्यायला नको होता.

पुढचे तीन रविवार हे गेलेच नाहीत. दंतवैद्यांचा फोन आला की सांगायचे, कंबर धरलीय. दिवसभर मागच्या खोलीत एखादं जुनं इंजिन चिमट्यात धरून बसायचे आणि पंखा बोटानं फिरवायचे. आत हवा दाबली जाते त्याचा ‘चुफ्’ असा आवाज येतो. फिरवायचे, ऐकायचे, परत फिरवायचे. मी पडद्याच्या अलीकडे बाह्या जोडत होते आणि तो चुफ् चुफ् माझ्या मशीनच्या टाक्यांमधून ऐकू यायचा. मला एरंडेलाच्या वासाची आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

चौथ्या आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. म्हणजे तशी ती वर्षभर दुखत होती, मी त्या आठवड्यात मनावर घेतलं. दंतवैद्यांच्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडायच्या आधी घाईघाईनं म्हणाले, “डॉक्टर, मला विमान उडवायला शिकायचंय. ते दोन रेडिओ वायरनं जोडतात ना, तसं.”

त्यांनी माझ्या तोंडात कापूस भरला, आरसा घातला, नळी अडकवली. मग शांतपणे म्हणाले, “काकांचे डोळे, ना?”

मी शब्द दिला होता. मी काही बोलले नाही. बोलताच येत नव्हतं. नाही म्हणून मान हलवावी, तर दाढेत ड्रिल.

“पडलं त्या दिवशीच शंका आली होती,” ते म्हणाले. “काकू, मुख्य रेडिओ माझ्या हातात राहील. बटण माझ्या बोटाखाली. सोडलं की विमान माझं. हे कबूल असेल तर या. काकांनी तुमच्या शेजारी उभं राहून शिकवावं. बाकी मी कुणाला काही बोलणार नाही. आता चूळ भरा.”

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, “मला शिकवा.”

“तुला?” हे पहिल्यांदा हसले. “तुला जिना उतरताना चक्कर येते.”

“मी विमानात बसणार नाहीये.”

शिकवणारा म्हणून हा माणूस अत्यंत वाईट आहे हे मी इथे नोंदवून ठेवते. आधी आठ दिवस घरात, जेवणाच्या टेबलावर, नुसत्या रेडिओच्या काड्या हलवून. “हळू! रवी घुसळतेयस का?” मग मैदानावर. डावीकडे हे, उजवीकडे दंतवैद्य आणि मधे मी, नवीन सुनेसारखी घामाघूम. लोकांना वाटलं, काकांनी आता काकूंना तयार करायचा विडा उचललाय. काकांना मान मिळत होता, बाकावर कुणी बसवत नव्हतं, सरबत सगळ्यांबरोबरच येत होतं. मी दिसेल ते सांगायची, हे ऐकून काय करायचं ते सांगायचे.

नवीन माणूस कुठे अडतो, तर विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. विमान त्याच्या डावीकडे वळतं, ते आपल्याला उजवीकडे गेल्यासारखं दिसतं. तिथे माणूस गोंधळतो आणि विमान जमिनीत जातं. हे मला त्यासाठी महिनाभर घाबरवत होते. तो दिवस आला, मी विमान सरळ आमच्याकडे आणलं, वळवलं, परत नेलं.

“आलं का तोंड इकडे?” हे विचारत होते.

“येऊन गेलंसुद्धा.”

“डावं-उजवं?”

“अहो, चाळीस वर्षं समोर तोंड करून उभ्या असलेल्या बायकांची मापं घेतेय मी. त्यांची डावी बाही माझ्या उजव्या हाताला असते. आणि शिवायचं सगळं उलट्या बाजूनं. मला सरळच कधी काही दिसलेलं नाही.”

दंतवैद्य मोठ्यानं हसले. हे हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

असे दोन महिने गेले. मग तो रविवार आला.

मैदानावर आमचे बॅटरीचे दोन डबे असतात. हिरव्या डब्यात भरलेल्या, लाल डब्यात वापरलेल्या. बॅटरी काढून द्यायचं काम हे मोठ्या अधिकारानं करायचे. रंग त्यांना आता नीट कळत नव्हते, म्हणून त्यांनी आपली सोय केली होती: डावा डबा भरलेला, उजवा वापरलेला. मला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ऊन वाढलं म्हणून दंतवैद्यांनी दोन्ही डबे उचलून सावलीत नेले, आणि ठेवताना अदलाबदल झाली. ह्यांनी डाव्या डब्यातून बॅटरी काढली, विमानात बसवली, झाकण लावलं. “घे, सहा मिनिटं.”

तिसरं मिनिट असेल. विमान आमच्या समोरून, जवळूनच, दवाखान्याच्या बाजूला चाललं होतं. मी मस्त रमले होते. दंतवैद्य घड्याळ बघून म्हणाले, अजून तीन मिनिटं.

“गेली,” हे म्हणाले.

“काय गेली?”

“मोटर गेली. बंद पडली. नाक खाली घे. आत्ता.”

मला काही कळेना. मी काडी पुढे-मागे केली, विमान मान टाकायला लागलं. दंतवैद्यांचा चेहरा पांढरा पडला. सहा मिनिटांच्या घड्याळावर नेमानं उतरणारा माणूस तो; हवेत मोटर बंद पडलेली त्यानं कधी पाहिलीच नव्हती. त्यांचं बोट बटणावरून सुटायला लागलं होतं.

“डॉक्टर, बोट उचलू नका,” हे म्हणाले. मी ह्यांना असं बोलताना कधी ऐकलेलं नाही. आवाज चढवला नाही, पण दंतवैद्यांचं बोट जागच्या जागी राहिलं. “माझी इंजिनं हजार वेळा वर बंद पडलीयत. ग्लोवाल्याला हे नवं नाही. अगं, सांग. काय दिसतंय?”

“पाठ माझ्याकडे. लांब चाललंय. खाली येतंय हो!”

“येऊ दे. मोटर बंद पडली तरी वळवण्यापुरती बॅटरी उरते. वेग आहे तोवर ते आपलं आहे. डावीकडे वळव, सावकाश. कडा दुमडतेस तसं, एकदम नाही.”

मी वळवलं. “आता तोंड इकडे.”

“पंख सरळ?”

“सरळ.”

ह्यांनी गाल वाऱ्याकडे केला. “वारा मागून आहे, भरकन येईल. घाबरू नकोस. मैदानात उतरायचा हट्ट सोड. कुठे येतंय?”

“चराच्या अलीकडे… नाही, चरात! अहो, चरात जातंय!” माझा हात आपोआप काडी ओढायला लागला. वर घ्यावं, एवढंसं वर घ्यावं, चर ओलांडला की झालं.

“ओढू नकोस!” खांद्यावरचा हात घट्ट झाला. “ओढलंस की पडेल. येऊ दे तसंच. किती उंच?”

“माणसाएवढं.”

“चर?”

“गेला. मागे गेला.”

“आता ओढ. थोडं. अजून थोडं. धरून ठेव.”

गवतात खसखस झाली. विमान एकदा उडी मारल्यासारखं उडालं, परत टेकलं आणि थांबलं. चाकांवर, सरळ, नाक आमच्याकडे.

बाकावरचे चौघं-पाचजण धावत आले. टाळ्या, काकू काकू, आणि मग कुणीतरी बॅटरी काढून मोजली आणि विचारलं, “अहो, ही तर वापरलेली आहे! कुणी दिली?”

“माझी चूक,” दंतवैद्य पटकन म्हणाले. “डबे मी हलवले.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गप्प राहिले असते तर प्रकरण मिटलं होतं. गप्प राहा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. तेवढ्यासाठी तर दोन महिने हा सगळा खटाटोप केला होता.

“मी दिली,” हे म्हणाले. “लाल-हिरवं मला कळत नाही. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली.”

त्यांच्यातले एक जण, स्वभावानं जरा तापट, हळूहळू लाल झाले. “म्हणजे तीन वर्षं तुम्ही ते इंजिन आमच्या डोक्यावरून…”

“कानानं उडवत होतो. हो. चुकलंच माझं. माफ करा म्हणायला तोंड नाही मला.” ह्यांनी गळ्यातला आपला रेडिओ काढला. त्या दिवशी तो नुसता सवयीनं अडकवलेला होता, बंद. त्यांनी तो दंतवैद्यांच्या हातात दिला. “हा ठेवा. हिच्या हातातला राहू द्या.”

तापट गृहस्थ गवतात गेले, विमान दोन्ही हातांवर उचलून घेऊन आले आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी त्याच्या पंखावरून बोटं फिरवली, चाकं चाचपली, नाक चाचपलं. कुठेही काही मोडलं नव्हतं.

कुणीतरी सरबताचा पेला आणला. हे खरंच बाकावर बसले. मी शेजारी बसले. मला वाटलं, आता मोडतील, आता घरी चल म्हणतील. तोंडात शब्द जुळवत होते मी.

हे माझ्याकडे वळले. नेहमीसारखं थोडं तिरकं, कडेनं बघायला.

“अगं,” हे म्हणाले, “येताना कसं दिसत होतं ते?”

मी सांगितलं. लाल पंख, पोट पांढरं, चराच्या वरून कसं अल्लद आलं, ऊन कसं पडलं होतं, चाकं गवतात कशी बुडाली. ह्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “परत सांग.”

दुसऱ्यांदा सांगताना मी थोडं वाढवून सांगितलं.